पेटी कॅरिअरवर, गॅरेज दारात: फिरता टू-व्हीलर मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

धानोऱ्याहून फोन आला, "भो, गाडी बंद पडी गयी, लवकर ये." मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात. धंदा सुरू करून आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे फोन आला याचाच आनंद. पेटी बांधली, अडावद मागे टाकलं, धानोऱ्यात पोचलो. अंगणात उभी होती स्कूटर. पेटीत मोटरसायकलच्या क्लच प्लेटा, वायरी, प्लग, चेन लॉक, सगळं होतं. स्कूटरचा बेल्ट तुटलेला, आणि तो नेमका नव्हता. परत चोपडा, परत धानोरा. बेल्ट बसवायला अर्धा तास लागला. रस्त्यावर दुपार गेली, पेट्रोल गेलं आणि मजुरी मागायचीही लाज वाटली.

आपल्याकडे दोन चाकांचं काहीही असो, ते 'गाडी'च असतं. गाडी कोणती, हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं की या धंद्यात पैसा फेरीत बुडतो. हातात कितीही कला असो, एका कामासाठी दोनदा जावं लागलं की दिवस फुकट. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं ती दुसरी फेरी कशी टाळायची याबद्दल आहे.

१. आधी गाडी आणि हद्द ठरवा

सुरुवातीला १०० ते १२५ सीसीच्या मोटरसायकली आणि स्कूटर एवढंच धरा. खेड्यात याच गाड्या जास्त, आणि त्यांचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. ट्रॅक्टरवाले बोलावतील, "एवढं बघून जा" म्हणतील. बघायला हरकत नाही, पण खोलू नका. त्याचे पाने वेगळे, जॅक वेगळा, आणि पेरणीच्या तोंडावर अडकवून ठेवलात तर शिव्या पिढ्यांना पुरतील.

हद्द ठरवताना नकाशावरचं अंतर बघू नका, रस्ता बघा. तापीपलीकडचं गाव समोर दिसतं, पण पूल असेल तिथूनच जावं लागतं. मी बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरची गावं धरली: चोपडा, अडावद, धानोरा, किनगाव. एकाच ओळीतली गावं असली की दोन कामं एका फेरीत होतात. धुळे किंवा जळगावसारख्या शहरात असाल तर हद्द लहान ठेवा, कामं जास्त घ्या. सातपुड्याच्या पायथ्याकडे गेलात तर मोबाईलची रेंज जाते, तेव्हा निघण्यापूर्वीच सगळं बोलून घ्या.

२. हात तयार आहे का?

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो केला असेल तर कागदावर बरं दिसतं, वायरिंगचं आणि मापांचं डोकंही तयार होतं. पण आयटीआयतून थेट फिरता धंदा सुरू करू नका. मी जळगावात सहा वर्षं उस्तादाकडे होतो. त्यातलं पहिलं वर्ष पार्ट धुण्यात आणि पाने हातात देण्यात गेलं. गॅरेजमध्ये अडलात तर मागे उस्ताद असतो. ग्राहकाच्या अंगणात मागे फक्त ग्राहकाचे वडील असतात, आणि ते तुमच्या हाताकडे बघत असतात.

कुणालाही न विचारता कार्बोरेटर साफ करून ट्यून करता येतो का, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावता येते का, क्लच प्लेटा बदलता येतात का, मल्टीमीटरने चार्जिंग तपासता येतं का? चारही 'हो' असतील तर निघा. पाचवी गोष्ट फ्यूएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपाने दाब देऊन पेट्रोल सोडणं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला आणि रोजच्या वापरातल्या नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेला. ज्यांना फक्त कार्बोरेटर येतो त्यांचं काम दर वर्षी कमी होणार आहे. बॅटरीवरच्या स्कूटरला मी ब्रेक, टायर, बेअरिंग एवढाच हात लावतो. बॅटरीचा पॅक खोलणं हे अंगणात करायचं काम नाही.

३. कागदपत्रं

ही यादी बघून घाबरू नका, दोन दिवसांत होते:

- आधार, पॅन, बँक खातं आणि त्याला जोडलेला क्यूआर कोड
- गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स. शिकाऊ चालणार नाही, ट्रायल तुम्हालाच मारायची आहे
- स्वतःच्या गाडीचं आरसी, विमा, पीयूसी
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद
- शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना दिल्याची पावती. एकटे असाल किंवा सोबत दोन पोरं असतील तर परवाना लागत नाही, 'आपले सरकार'वर सूचना दिली की पुरतं
- प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या माणसाने हा न घेणं म्हणजे वेडेपणा

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं आहेत, ती शेवटी पैसे भरायला लावतात. माझ्याकडूनही असेच पैसे गेले आहेत, म्हणून सांगतो: पैसे मागितले की समजा चुकीच्या दारात आलात.

जीएसटीची भीती सुरुवातीला नको. मजुरी आणि सामान दोन्ही धरून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. तिथपर्यंत पोचलात तर मला चहा पाजा.

कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेचा शिशु गट विचारा, त्यात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं. पाने-पेटीच्या दुकानातून कोटेशन घेऊन जा. मधला माणूस टक्केवारी मागत असेल तर उठून या. आणि विश्वकर्मा योजनेच्या रांगेत उभं राहू नका. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे, कुलूपवाला आहे, मोटार मेकॅनिक नाही. आमच्याकडच्या दोन पोरांनी यात दिवस घालवले.

४. पेटी

पेटी पत्र्याची, कुलूपवाली, कॅरिअरवर घट्ट बांधलेली. तिच्याखाली मागचे इंडिकेटर आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये. आत काय:

- रिंग आणि फिक्स पाने ८ ते १९, टी-पाने ८, १०, १२, गोटी सेट, ॲलन की
- १६ चा प्लग पाना, फिलर गेज, मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प
- ठोकायचा पेचकस, पक्कड, सर्क्लिप पक्कड, मॅग्नेट पुलर
- टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर
- लोहचुंबकाची कांडी, डोक्याला बांधायचा दिवा, ताडपत्री, चिंध्या
- जळकं ऑइल धरायला पसरट भांडं आणि झाकणाचा कॅन

सामानात प्लग, क्लच वायर, ब्रेक वायर, ब्रेक शू, फ्यूज, बल्ब, चेन लॉक, पेट्रोल पाइप, एअर फिल्टर, चालत्या मापाच्या ट्यूब. सगळ्या मॉडेलांचं सगळं ठेवायला गेलात तर भांडवल पेटीत अडकतं. त्यासाठी न लागलेला माल परत घेणारा दुकानदार शोधा. दोन रुपये महाग पडला तरी चालेल, पण परत घेणारा हवा. मी निघताना अंदाजाने तीन भाग नेतो, एक लागतो, दोन संध्याकाळी परत देतो. नकली भागांपासून सावध राहा. ब्रेक शू नकली निघाला तर नाव तुमचंच जाणार, दुकानदाराचं नाही.

ऑइलबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण इथे बरेच चुकतात. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये फिरतो, त्यामुळे डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए-२ हा दर्जा लिहिलेला हवा. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो आणि तुम्ही उगाच प्लेटा बदलत बसता. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालतं. स्वस्त पडतं म्हणून एकच मोठा डबा घेऊन दोघांना वापरू नका.

५. फोनवरच निम्मी गाडी खोला

खरं काम इथे आहे. फोन आला की लगेच "येतो" म्हणू नका. पाच मिनिटं द्या आणि विचारा.

*गाडी कोणती, कोणत्या साली घेतली?* आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. एकाच नावाची गाडी बीएस-४ आणि बीएस-६ मध्ये आतून वेगळी असते, भाग लागत नाहीत. आरसीचा दुसरा फायदा पुढे सांगतो.

*बंद पडायच्या आधी काय झालं होतं?* पाऊस, धुलाई, पेट्रोल भरणं, पडणं. "कालच पेट्रोल टाकलं" हे वाक्य ऐकलं की मी टाकीतल्या पाण्याचा विचार करतो. "काल धुतली" म्हटलं की प्लगची टोपी आणि कनेक्टर.

*चावी फिरवल्यावर हॉर्न वाजतो? दिवे लागतात?* दोन्ही नाही म्हणाले तर फ्यूज किंवा बॅटरी. हॉर्न मरतुकडा वाजतो आणि सेल्फ टकटक करतो, तर बॅटरी उतरली.

*बीएस-६ असेल तर चावी फिरवल्यावर टाकीतून दोन सेकंद बारीक घुर्र आवाज येतो का?* हा फ्यूएल पंपाचा. नसेल तर रिले, फ्यूज, पंप हे घेऊन निघायचं. मीटरचा फोटोही मागवा, इंजिनचा पिवळा दिवा जळत राहतो का ते दिसतं.

*साइड स्टँड वर आहे का? हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण कुठे आहे?* हसू नका. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला की चालू होत नाहीत. मागच्या पावसाळ्यात चिखलाने स्टँडचा स्विच अडकल्याच्या तीन गाड्या मी फोनवरच चालू करून दिल्या. पैसे मिळाले नाहीत, पण त्या तिघांनी आणखी माणसं दिली.

*किक कशी लागते?* हाताने दाबून बघायला सांगा. अजिबात हलत नाही म्हणाले तर ऑइल संपून पिस्टन जाम झाल्याची शंका धरा. अशा गाडीकडे पेटी घेऊन जाऊ नका, छोट्या टेम्पोत घालून गॅरेजला पाठवायला सांगा. किक हवेत मारल्यासारखी सुटी जात असेल तर कॉम्प्रेशन गेलंय किंवा किकचा आतला दाता गेलाय. दोन्ही मोठी कामं.

शेवटी लोकेशन मागा. "पाटलांच्या केळीच्या मळ्यात ये" याने भागत नाही. रावेर-यावलकडे तर सगळेच पाटील आणि सगळीकडे केळी.

फोनवरच फेरीचे पैसेही सांगून टाका. त्याबद्दल खाली.

६. अंगणात पोचल्यावर

पाना काढण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. नंबर खरवडलेला दिसला तर पोटात दुखतंय सांगा आणि निघा. चोरीच्या गाडीचं इंजिन दुरुस्त करून कुणाचं भलं झालेलं नाही.

मग मालकाच्या समोर मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा: मीटरचे किलोमीटर, पेट्रोलचा काटा, ओरखडे, आणि गाडी चालू होत असेल तर इंजिनचा आवाज. हे मी उशिरा शिकलो. एका गाडीची फक्त क्लच वायर बदलली होती आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "तू हात लावल्यापासून टायमिंग चेन वाजते." चेन आधीपासून वाजत होती. दाखवायला काही नव्हतं, टेन्शनर खिशातून बसवून दिला.

ताडपत्री अंथरा. सारवलेल्या अंगणात पडलेला छोटा वायसर सापडत नाही, आणि ऑइलचा डाग पडला तर घरातल्या माऊलीचा राग वेगळाच. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. हौसेने हेड खोललं, व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबताना नखाएवढं लॉक उडालं. अंगणात कोंबड्या. दोन तास चुंबकाची कांडी फिरवली, घरातली पोरं, शेजारची पोरं, सगळी शोधायला. लॉक शेवटी पेटीच्या झाकणात सापडलं, पण तोवर अर्ध्या गल्लीने मी कोंबडीकडे संशयाने बघताना पाहिलं होतं.

तेव्हापासूनचा नियम: हेड, पिस्टन, क्रँक, गिअर अंगणात खोलायचे नाहीत. धूळ आत गेली की इंजिन तुमच्या नावाने बसतं. अशा कामासाठी एखाद्या गॅरेजशी बोलून ठेवा. तुम्ही गाडी आणायची, काम त्यांच्या जागेत करायचं, जागेचे पैसे द्यायचे.

इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल लाइन कार्बोरेटरच्या पाइपासारखी ओढून काढू नका. आत सुमारे ३ बारचा दाब असतो, पेट्रोल डोळ्यात उडतं. चावी बंद, बॅटरीची वायर सुटी, चिंधी गुंडाळून हळू काढा. आसपास विडी ओढणारे आजोबा असतील तर त्यांना आधी हलवा.

चार्जिंग तपासणं मी प्रत्येक गाडीला करतो, सांगितलं नसलं तरी. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, चालू गाडीत रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत. कमी असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, वीज तयार करणारा स्टेटर किंवा ती आवरणारा रेग्युलेटर बघा. नवी बॅटरी विकून मोकळं होणारे खूप आहेत. महिन्याभरात ती पुन्हा उतरते आणि ग्राहक तुम्हाला गावभर ओळख देतो.

तुमचे बरेच ग्राहक बाया असतील. शाळेतल्या बाई, आशाताई, नर्स. त्यांना गाडी दिवसभर गॅरेजात ठेवणं परवडत नाही, म्हणूनच त्या तुम्हाला बोलावतात. वेळ विचारून जा, काम ओट्यावर किंवा अंगणात करा, आणि काय बिघडलं ते त्यांनाच नीट सांगा. घरातला पुरुष शोधून त्याला समजावत बसू नका. गाडी ताईंची, पैसे ताई देणार.

जळकं ऑइल विहिरीजवळ, गोठ्याजवळ, नाल्यात ओतायचं नाही. कायद्याने ते घातक कचऱ्यात येतं. कॅनमध्ये भरून अधिकृत गोळा करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजात जमा करा. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिचे पैसेही वजा होतात.

७. ऊन आणि चिखल

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की अकरा ते पाच काम घेऊ नका. पाना उन्हात ठेवला तर हात भाजतो आणि पंक्चरचा ठिगळ नीट धरत नाही. सकाळी सहाला निघा, लोक उठलेलेच असतात. लग्नसराई याच दिवसांत, म्हणून कामं भरपूर येतात. पहाटेच्या वेळा आधीच वाटून द्या.

पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरत नाही. निम्म्या 'बिघाडां'वर काठी आणि पाणी हा इलाज आहे. चाऱ्याचे भारे, दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाड्यांच्या क्लच प्लेटा या दिवसांत जातात. तुमची स्वतःची गाडी रुतली तर हसतील. हसू द्या.

८. पैसे

दोन गोष्टी वेगळ्या सांगा: फेरीचे आणि कामाचे. फेरीचे पैसे अंतरावर, काम होवो न होवो. हे फोनवरच बोला, कारण दारात उभं राहून बोललात की भांडण वाटतं. मी गावात ५० घेतो, बाहेर १०० पासून पुढे. भागावर छापील किमतीच्या वर एक रुपया लावू नका, पावती दाखवा. "कितला व्हयनात?" (किती झाले?) असं विचारल्यावर आकडा एकदाच आणि आवाज न चढवता सांगा. जरा थांबलात की समोरचा घासाघीस सुरू करतो.

उधारी टळणार नाही. इथे माणसाच्या हातात पैसा कापूस आणि केळी गेल्यावर येतो, आणि सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, हिशोब आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) आखाजीपर्यंत चालतो. "आखाजीले दिसू" (आखाजीला देईन) हे तुम्ही पहिल्याच महिन्यात ऐकाल, आणि बहुतेक जण खरंच देतात. मी वहीत नाव, गाडी, तारीख, काम लिहितो आणि समोरच्याची सही घेतो. एका माणसाची एकच उधारी, ती फिटल्याशिवाय दुसरी नाही. सामानाचे पैसे जमलं तर निम्मे आधी घेतो, कारण ते मी दुकानदाराला त्याच संध्याकाळी देणं लागतो. मजुरीला आखाजीपर्यंत थांबतो. फेरीचे पैसे मात्र वहीत चढतच नाहीत. ते त्याच दिवशी, पेटी बांधायच्या आधी, क्यूआर पुढे करून.